कपात करायचीच असेल तर कशी? चार वाटांचा तुलनात्मक आढावा

बाणेरमध्ये किंवा हिंजवडीत तीनशे-साडेतीनशे माणसांची एक सॉफ्टवेअर कंपनी आहे असे समजू. तिच्या सर्वांत मोठ्या अमेरिकी ग्राहकाने कराराचे नूतनीकरण करताना काम निम्म्यावर आणले आहे, चाळीसेक माणसे बेंचवर, म्हणजे हाताला काम नसताना पगारावर, बसून आहेत आणि संचालक मंडळाने पगाराचा खर्च पंधरा टक्क्यांनी खाली आणण्यास सांगितले आहे. हा आढावा त्या निर्णयावर सही करणाऱ्यासाठी लिहिला आहे. कपात करावी की नाही, हा प्रश्न येथे घेतलेला नाही, कारण माझ्या अनुभवात मनुष्यबळ विभागाला बोलावले जाते तेव्हा त्याचे उत्तर ठरून गेलेले असते. उरतो तो ‘कशी’ हा प्रश्न, आणि त्याला ढोबळमानाने चार उत्तरे आहेत. एकदाच, मोठी आणि उघड कपात करता येते. गाजावाजा न करता, राजीनामे मागून घेत थोडी थोडी माणसे कमी करता येतात. माणसे तशीच ठेवून सर्वांचे पगार कापता येतात. किंवा पैसे देऊ करून, ज्यांना जायचे असेल त्यांनी जावे असे सांगता येते.

या चारही वाटा मी एकाच कसोटीवर लावणार आहे. कपातीच्या दुसऱ्या दिवशी जो कामावर येतो त्याला कंपनीच्या ताळेबंदात फारसा रस नसतो. त्याच्या मनात ‘आता माझा नंबर आहे का’ एवढाच प्रश्न असतो. ज्या वाटेने गेल्यावर या प्रश्नाला खरे उत्तर देता येते ती वाट महाग दिसली तरी परवडते, आणि ज्या वाटेने गेल्यावर ते देताच येत नाही ती स्वस्त दिसली तरी परवडत नाही. जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात अशी आपल्याकडे म्हण आहे, पण माहिती तंत्रज्ञानाच्या धंद्यात सुपातले हसत बसत नाहीत; ते त्याच रात्री नोकरी डॉट कॉमवरचा आपला बायोडेटा ताजा करतात. चार्ली ट्रेव्हर आणि अँथनी नायबर्ग या अमेरिकी अभ्यासकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे आढळले होते की, एक टक्का माणसे कमी करणाऱ्या कंपन्यांमध्ये स्वतःहून नोकरी सोडण्याचे प्रमाण सरासरीने ३१ टक्क्यांनी वाढते. ज्या कंपन्यांत तक्रार ऐकून घेण्याची आणि न्याय्य वागणुकीची काही रीत आधीपासून होती, तेथे हा परिणाम सौम्य झाला, हाही त्याच अभ्यासाचा निष्कर्ष होता. म्हणजे तुम्ही पंधरा टक्क्यांचा हिशेब मांडून बसला असाल, तर खरी वजाबाकी त्याहून मोठी होणार आहे, आणि ती किती मोठी व्हावी हे बऱ्याच अंशी तुमच्या हातात आहे.

एकदाच, मोठी आणि उघड

या वाटेचा अभ्यास करायचा तर प्रवाशांना भाड्याने घरे मिळवून देणारी एअरबीएनबी आणि ट्विटर ही जोडी एकमेकींशेजारी ठेवण्यासारखी आहे, कारण कपातीच्या वेळी दोन्ही कंपन्यांत सुमारे साडेसात हजार माणसे होती आणि दोघींनीही एकाच घावात मोठा लचका तोडला.

एअरबीएनबीचे मुख्याधिकारी ब्रायन चेस्की यांनी ५ मे २०२० रोजी कर्मचाऱ्यांना पत्र लिहून सुमारे १,९०० जणांना, म्हणजे चौथा हिस्सा माणसांना, कमी करत असल्याचे कळवले. करोनामुळे प्रवास थांबला होता आणि वर्षाचे उत्पन्न २०१९ च्या निम्म्याहूनही कमी राहील असा कंपनीचा अंदाज होता. तो पत्रात तसाच सांगितला होता. त्यानंतर कंपनी कोणती कामे थांबवणार आहे आणि त्यामुळे कोणत्या विभागांतील माणसे कमी होणार आहेत, असा क्रम होता. आधी काम, मग माणूस, हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण वाचणाऱ्याला आपण कोठे बसतो हे त्यातून स्वतःच ताडून पाहता येते. अमेरिकेत जाणाऱ्यांना १४ आठवड्यांचा मूळ पगार, नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे आणखी एक आठवडा आणि वर्षभराचा आरोग्य विमा देण्यात आला. वर्ष न भरलेल्यांसाठी शेअर मिळण्याची वर्षाची अट काढून टाकली. लॅपटॉप त्यांच्याकडेच राहू दिले. भरती करणाऱ्या चमूतील काही जणांना बाहेर पडणाऱ्यांसाठी नोकऱ्या शोधण्याच्या कामाला लावले. अमेरिका आणि कॅनडातील लोकांचा शेवटचा दिवस ११ मे ठरवला, म्हणजे निरोप घ्यायला मध्ये काही दिवस मिळाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कंपनी शेअर बाजारात आली. ती या पत्रामुळे आली असे म्हणणे भाबडेपणाचे होईल, पण सात महिन्यांपूर्वी चौथा हिस्सा माणसे घरी पाठवलेली कंपनी म्हणून तिच्याकडे कोणी बोट दाखवले नाही, हे मात्र खरे.

इलॉन मस्क यांनी ट्विटर विकत घेण्याचा व्यवहार २७ ऑक्टोबर २०२२ रोजी पूर्ण झाला आणि ४ नोव्हेंबरला जवळपास निम्मी माणसे बाहेर होती. आदल्या संध्याकाळी सर्वांना एक ई-मेल आला. त्याखाली कोणाचेही नाव नव्हते. नोकरी राहिली असेल तर उद्या सकाळी कचेरीच्या पत्त्यावर मेल येईल, आणि गेली असेल तर वैयक्तिक पत्त्यावर येईल, असे त्यात म्हटले होते. कार्यालये तात्पुरती बंद केली होती आणि प्रवेशपत्रे निकामी केली होती. त्या रात्री हजारो माणसे दोन इनबॉक्स उघडून बसली असतील, आणि पुष्कळांना सकाळच्या मेलच्या आधीच लॅपटॉपने लॉगिन नाकारून उत्तर दिले. दरम्यान कायद्याने लागणारी साठ दिवसांची पूर्वसूचना न दिल्याबद्दल सॅन फ्रान्सिस्कोच्या संघीय न्यायालयात दावाही दाखल झाला होता. पुढच्या काही दिवसांत, चुकून काढलेल्या किंवा नंतर आवश्यक वाटलेल्या काही डझन लोकांना परत बोलावण्याची वेळ कंपनीवर आली. ज्याला आठवड्यापूर्वी नकोसे ठरवले त्याला फोन करून ‘या’ म्हणावे लागणे, याहून स्पष्ट कबुली दुसरी नसते: यादी करणाऱ्यांना कोण काय करते हेच ठाऊक नव्हते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. संकेतस्थळ आठवड्याभरात कोलमडेल, असे भाकीत अनेकांनी केले होते आणि ते खोटे ठरले. क्रूर कपातीनेही काम चालू राहते, असा युक्तिवाद तुमच्या संचालक मंडळात कोणी तरी नक्की करील, आणि तो पूर्णपणे चुकीचा नसेल. त्याला उत्तर एवढेच की, त्या कंपनीचा मालक आपल्या खिशातून तोटा सोसू शकत होता आणि माणसांनी निघून जावे अशीच त्याची इच्छा होती. साडेतीनशे माणसांची सेवा देणारी कंपनी माणसांचेच तास विकते. तिचा माल संध्याकाळी लिफ्टने खाली उतरतो आणि सकाळी परत येईल याची खात्री नसते.

पैसे चांगले दिले की रीत कशीही चालते, असाही एक समज आहे. तो खोडायला गूगलचे उदाहरण पुरेसे आहे. २० जानेवारी २०२३ रोजी गूगलने सुमारे १२,००० जणांना, म्हणजे सहा टक्के माणसांना कमी केले. अमेरिकेत सोळा आठवड्यांचा पगार आणि प्रत्येक वर्षामागे दोन आठवडे, म्हणजे एअरबीएनबीपेक्षा सरस रक्कम दिली गेली. तरीही लोकांच्या लक्षात राहिले ते दहा-पंधरा वर्षे काढलेल्या माणसांना पहाटे खाते बंद झाल्यावर कळले, हे. मागे राहिलेल्यांना त्याहून जास्त खुपले ते असे की, चांगले मूल्यांकन असलेलेही गेले आणि निवडीचा निकष काही कळेना. निकष कळला नाही की ‘माझा नंबर’ या प्रश्नाला उत्तर उरत नाही. मग प्रत्येक जण आपापल्या मनाने उत्तर घडवतो आणि ते नेहमी वाईटच असते. त्याच मार्चमध्ये सुमारे चौदाशे कर्मचाऱ्यांनी सुंदर पिचाई यांना लिहिलेल्या खुल्या पत्रात, सक्तीने काढण्याआधी स्वेच्छेने जाणाऱ्यांना विचारा, अशी मागणी होती. तिचे पुढे काय झाले, ते चौथ्या वाटेत येईल.

गाजावाजा न करता, थोडी थोडी

हीच वाट आपल्याकडे सर्वांत जास्त चालली जाते, म्हणून तिच्यावर थोडा अधिक वेळ घालवते.

२०२३ साली मी ज्या कंपनीच्या मनुष्यबळ विभागात होते तिचे नाव घेण्याचे कारण नाही. अडीचशे माणसे होती. बैठकीच्या खोल्यांना गडांची नावे होती, जशी पुण्यातल्या निम्म्या कंपन्यांत असतात. तीन आठवड्यांत अकरा जणांना ‘तोरणा’ नावाच्या खोलीत बोलावले गेले. प्रत्येकाला पंधरा मिनिटांचे कॅलेंडर निमंत्रण जाई, विषयाच्या जागी नुसते ‘चर्चा’ असे लिहिलेले. टेबलावर राजीनाम्याचा मजकूर छापून ठेवलेला असे. त्यात फक्त तारीख आणि सही बाकी असे. सही केली तर दोन महिन्यांचा पगार आणि स्वच्छ रिलीव्हिंग लेटर, नाही केली तर कामगिरी सुधारणेचा नव्वद दिवसांचा आराखडा आणि त्याच्या शेवटी काय होणार हे दोघांनाही ठाऊक, असा सौदा होता. बाहेरच्या जगाला कंपनीने कपात केलेलीच नव्हती. अकरा जणांनी ‘वैयक्तिक कारणास्तव’ राजीनामे दिले होते.

तिसऱ्या माणसापर्यंत फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर सर्व माहिती पोचली होती. चौथ्या दिवसापासून साध्या कामाच्या बैठकीसाठीही कोणी ‘तोरणा’ निवडेना. खोली रिकामी आणि लोक जिन्यात उभे राहून बोलत असत. मी कॉफीच्या यंत्रापाशी गेले की बोलणे थांबे. अकरा गेले ते आम्ही ठरवून. त्यानंतरच्या चार महिन्यांत आणखी एकोणीस जणांनी पेपर टाकले. त्यांत आमच्या एका ग्राहकाचे देयक-मॉड्यूल ज्यांना डोळे मिटून ठाऊक होते असे दोघे होते. त्यांना थांबवताना व्यवस्थापक सांगत होते की आता आणखी कोणाला काढणार नाही, आणि त्यांचा प्रश्न साधा होता: तुम्ही आधीही कोणाला काढलेले नाही असेच म्हणत होतात ना? याला उत्तर नव्हते. जी कपात झालीच नाही असे सांगितले, ती संपली असे सांगता येत नाही. या वाटेचा खरा दोष हाच आहे, आणि तो कितीही सफाईने राबवली तरी जात नाही.

आता दुसरी बाजू, कारण ही वाट लोक मूर्खपणाने निवडत नाहीत. आपल्या नोकरीच्या बाजारात पार्श्वभूमी पडताळणी कसून होते, आणि ‘सेवा समाप्त’ असा शेरा असलेल्यापेक्षा ‘राजीनामा दिला’ अशी नोंद असलेल्याला पुढची नोकरी सोपी जाते, असे जाणाऱ्यालाही वाटते. आमच्या अकरांपैकी दोघांनी स्वतःच सांगितले होते की आम्हाला राजीनामाच बरा. हे खरे आहे, पण त्यावर उपाय आहे: पद रद्द झाल्यामुळे सेवा संपली, कामगिरीशी त्याचा संबंध नाही, असे पत्र कंपनीच्या शीर्षपत्रावर द्यावे आणि पडताळणीच्या फोनला तेच उत्तर द्यावे. राजीनाम्याने कायदेशीर भरपाईचा हक्कही सुटतो, हे मात्र सही घेणारा सहसा बोलत नाही.

कायद्याचे थोडे येथेच सांगून टाकते. ज्याला सर्रास ‘ले-ऑफ’ म्हणतात, त्याला आपल्या कायद्यात कामगार कपात म्हणतात; कायद्यातला ले-ऑफ म्हणजे काम नसल्यामुळे तात्पुरते घरी बसवणे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. किमान वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराची कपात करताना महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. शिवाय पुनर्कौशल्य निधीत पंधरा दिवसांचा पगार भरावा लागतो. ऐंशी हजार पगार आणि सहा वर्षे सेवा असलेल्या माणसाचा हिशेब ढोबळमानाने २ लाख ४० हजार भरपाई, ८० हजार नोटिशीचे आणि ४० हजार निधीचे, असा साडेतीन लाखांच्या आसपास जातो, ग्रॅच्युइटी वेगळी. शेवटचा पगार दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावा, असे वेतन संहिता सांगते. कोणता अभियंता या व्याख्येत ‘कामगार’ ठरतो आणि कोणता व्यवस्थापक, हा वादाचा मुद्दा आहे आणि त्यासाठी वकील हवाच. माझा सल्ला असा की, वादात कोण जिंकेल याचा अंदाज बांधण्यापेक्षा सर्वांना कामगार धरून रक्कम काढावी. शेजारी एकोणीस राजीनाम्यांचा आणि त्यांच्या जागी नवी माणसे घेण्याचा खर्च लिहून पाहिला, की कोणता आकडा मोठा हे कोणालाही सांगावे लागत नाही.

मोठ्या कंपन्यांना ही वाट किती महाग पडते, हे टीसीएसच्या बाबतीत दिसले. २७ जुलै २०२५ रोजी कंपनीने वर्षभरात सुमारे दोन टक्के, म्हणजे १२,२६१ माणसे, मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतील, कमी करण्याचे जाहीर केले. म्हणजे सुरुवात उघड होती. पण वर्षभर चालणाऱ्या प्रक्रियेत रोज कोणाचा तरी नंबर असू शकतो. पुण्यातील नाइट्स या कर्मचारी संघटनेने सक्तीने राजीनामे घेतल्याचे आरोप केले, कंपनीने ते फेटाळले, प्रकरण मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिण्यापर्यंत गेले. सप्टेंबरअखेर मनुष्यबळ तीन महिन्यांत ६,१३,०६९ वरून ५,९३,३१४ वर आले. त्यात स्वतःहून गेलेलेही आले. त्या तिमाहीत पुनर्रचनेसाठी १,१३५ कोटी रुपये खर्ची टाकले, म्हणजे पैसे दिले गेले नाहीत असे कोणी म्हणू शकत नाही. मराठी घरांत ‘मुलगा टीसीएसमध्ये आहे’ या वाक्याला स्थळ बघताना सरकारी नोकरीच्या खालोखाल वजन होते. ते वजन कोणत्याही जाहिरातीने आलेले नव्हते, दशकानुदशके माणसे टिकवल्याने आलेले होते, आणि दोन टक्क्यांच्या कपातीत खर्च झाले ते मुख्यतः हेच. तुमच्या कंपनीकडे असे वजन नसेल, तर तुमचे नुकसान कमी होईल असे मात्र समजू नका. तुमच्याकडे खर्चायला तेवढी पुंजीही नाही.

थोडी थोडी कपात नेहमी लपूनच होते असे नाही. मेटाने नोव्हेंबर २०२२ मध्ये ११,००० हून अधिक जणांना एकदम कमी केले, तेव्हा मार्क झुकरबर्ग यांनी आपलाच अंदाज चुकल्याचे मान्य केले आणि रकमाही घसघशीत दिल्या. चार महिन्यांनी, १४ मार्च २०२३ रोजी, आणखी १०,००० जण कमी करणार असल्याचे जाहीर झाले. तंत्रज्ञांची पाळी एप्रिलअखेर आणि व्यवसाय विभागांची मेअखेर येईल, हे त्याच वेळी सांगितले. दोन महिने आधी सांगणे हा प्रामाणिकपणा होता हे मान्य, पण त्या दोन महिन्यांत ज्यांचे भविष्य टांगणीवर होते त्यांनी काम काय केले असेल याची कल्पना करावी. पहिल्या कपातीतील कबुलीवर ज्यांनी विश्वास ठेवला होता, त्यांनी दुसऱ्या वेळी ठेवला नाही. उलट २०२३ या एका वर्षात मेटाचा शेअर जवळपास तिप्पट झाला. कंपनीची प्रतिमा ही एकच वस्तू नसते: गुंतवणूकदाराच्या नजरेतली वेगळी आणि नोकरी शोधणाऱ्या अभियंत्याच्या नजरेतली वेगळी. तुमची कंपनी शेअर बाजारात नसेल तर पहिलीची किंमत तुम्हाला मिळणार नाही, दुसरीची मात्र भरावी लागेल. फेब्रुवारी २०२५ मध्ये मेटाने सुमारे पाच टक्के लोकांना कमी कामगिरीचे ठरवून काढले. खर्च वाचवण्यासाठी काढायचे आणि नाव कामगिरीचे द्यायचे, हा मोह आपल्याकडेही फार आहे. तो टाळावा, जाणाऱ्याच्या कपाळावर कायमचा शिक्का बसतो आणि राहणारा आपल्या पुढच्या मूल्यांकनाकडे फाशीच्या तारखेसारखा पाहू लागतो.

पगार कापून माणसे राखणे

ऐकायला ही सर्वांत सभ्य वाट आहे आणि लहान कंपनीत ती कधी कधी खरोखर चालते. इंटेलने फेब्रुवारी २०२३ च्या सुमारास मुख्याधिकारी पॅट गेल्सिंगर यांचा पगार २५ टक्क्यांनी, त्यांच्या हाताखालच्या वरिष्ठ मंडळींचा १५, ज्येष्ठ व्यवस्थापकांचा १० आणि मधल्या फळीचा ५ टक्क्यांनी कापला; तासावर काम करणाऱ्यांना हात लावला नाही. वरून खाली उतरत जाणारी ही कापणी नमुनेदार होती. पण ऑगस्ट २०२४ मध्ये त्याच कंपनीने सुमारे १५,००० माणसे कमी करण्याची घोषणा केली. ज्याने आधी पगार सोडला आणि नंतर नोकरीही गमावली, त्याच्या दृष्टीने पहिला त्याग फसवणूक ठरतो, मग हेतू कितीही चांगला असो.

झूमने फेब्रुवारी २०२३ मध्ये १,३०० जणांना कमी करताना मुख्याधिकारी एरिक युआन यांचा येत्या वर्षाचा पगार ९८ टक्क्यांनी कापला. ज्याची संपत्ती शेअरमध्ये असते त्याचा पगार कापणे हा मुख्यतः संकेत असतो. संकेतालाही किंमत असते, आणि उलटा संकेत तर नक्कीच महागात पडतो: बायजूजने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुमारे २,५०० जणांना कमी करण्याचे सांगितल्यावर नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात लिओनेल मेस्सी यांना सदिच्छादूत केल्याचे जाहीर केले, तेव्हा तो करार आधीचा होता की नंतरचा, हे ऐकायला कोणी थांबले नाही. कपातीच्या महिन्यात तुमच्या कार्यालयाच्या नूतनीकरणाचे काम चालू असेल तर ते पुढे ढकला.

ही वाट निवडायची तर तीन गोष्टी लेखी असाव्यात: कापणी कोणत्या तारखेला संपेल, वरच्या मंडळींची किती आहे, आणि ग्राहकाचे काम परत न आल्यास पुढे काय. तिसरी गोष्ट लिहिण्याची तयारी नसेल तर ही वाट घेऊ नका. कर्जाचे हप्ते चालू असलेला माणूस दहा टक्के कापणी सहा महिने सोसतो. ज्याला बाजारात मागणी आहे तो दुसऱ्या महिन्यात निघून जातो. तुमच्या काल्पनिक कंपनीपुरते बोलायचे तर चाळीस माणसांना कामच नसेल आणि येणारही नसेल, तर पगारकापणी म्हणजे निर्णय पुढे ढकलण्यासाठी सर्वांकडून घेतलेली वर्गणी आहे.

ज्यांना जायचे त्यांना वाट देणे

गूगलच्या कर्मचाऱ्यांनी २०२३ मध्ये मागितलेली गोष्ट कंपनीने जानेवारी २०२५ मध्ये दिली: अँड्रॉइड, क्रोम आणि पिक्सेल सांभाळणाऱ्या विभागातील अमेरिकी कर्मचाऱ्यांना भरपाई घेऊन स्वेच्छेने जाण्याचा पर्याय. त्याला आतून बरे म्हटले गेले. तरी एप्रिलमध्ये त्याच विभागातील शेकडो जणांना काढले गेलेच. स्वेच्छेच्या योजनेची मर्यादा येथे उघड होते: आकडा भरला नाही तर पुढे काय, हे आधी सांगितले नसेल तर पहिल्या फेरीने कमावलेले सर्व दुसरी फेरी गमावते. दुसरी मर्यादा कोणालाही सुचेल अशीच आहे. ज्याच्या हातात ऑफर आहे तो पैसे घेऊन जातो आणि ज्याला कोठेच ऑफर नाही तो राहतो. म्हणून कोणत्या कामाला आणि कोणत्या अनुभवाला योजना लागू नाही, हे योजनेतच लिहावे लागते, आणि ते लिहिणे ज्याला अवघड वाटते त्याने यादीही बरी केली नसती.

स्वेच्छा आणि सक्ती यांच्या मधली एक वाट मला चारही वाटांपेक्षा जास्त शिकवून गेली. ती नोकियाची, आणि तिची गंमत अशी की तुलनेच्या दोन्ही बाजूंना तीच कंपनी आहे. जानेवारी २००८ मध्ये नफा भरघोस वाढत असताना नोकियाने जर्मनीतील बोखुमचा कारखाना बंद करून काम रुमानियात नेण्याचे जाहीर केले. २,३०० माणसे होती. आठवड्याभरात पंधरा हजार लोक रस्त्यावर उतरले, सरकारने दिलेली अनुदाने परत मागण्याची भाषा सुरू झाली, संघटनांनी नोकियाच्या फोनवर बहिष्काराचे आवाहन केले. शेवटी भरपाईपोटीच २०० दशलक्ष युरोंहून अधिक रक्कम गेली, आणि जर्मनीतील विक्रीचे नुकसान त्याहून कितीतरी मोठे होते. म्हणजे माणशी रक्कम प्रचंड दिली आणि नावही गेले.

तीन वर्षांनी, २०११ मध्ये, धंदाच ढासळल्यावर नोकियाला तेरा देशांतील सुमारे १८,००० माणसे कमी करायची होती. या वेळी तिने ‘ब्रिज’ नावाचा कार्यक्रम आखला. कंपनीतच दुसरे काम, बाहेर नोकरी, स्वतःचा व्यवसाय, नवे शिक्षण, किंवा स्वतःच आखलेली वेगळी वाट, असे पाच मार्ग प्रत्येकापुढे ठेवले आणि त्या त्या मार्गासाठी पैसे व माणसे दिली. शेवटच्या दिवशी ६० टक्के लोकांना पुढे काय करायचे हे ठाऊक होते आणि या कार्यक्रमातून सुमारे हजार नवे व्यवसाय निघाले. कार्यक्रमाचा खर्च ५० दशलक्ष युरोंच्या आसपास, पुनर्रचनेच्या एकूण खर्चाच्या चार टक्के होता. बंद होणाऱ्या ठिकाणीही शेवटपर्यंत काम नीट चालले. एका बोखुमने जेवढी भरपाई खाल्ली, त्याच्या चौथ्या हिश्शात अठरा हजार जणांसाठी हे सर्व बसले. पुण्याच्या कंपनीला पाच मार्ग उभे करणे जमणार नाही, पण दोन जमतात: तीन महिन्यांचा लॅपटॉप व प्रशिक्षणाचा खर्च, आणि तुमच्या भरती विभागाने परिसरातल्या दहा कंपन्यांना स्वतः फोन करणे. हिंजवडीत एकमेकांना ओळखत नाही अशी भरतीची माणसे फार थोडी आहेत.

मग यांतले कोणते?

वर वर्णन केलेल्या परिस्थितीत, म्हणजे काम कायमचे गेले आहे आणि किती गेले हे ठाऊक आहे, तेव्हा मी एकदाच आणि उघड कपात करीन, त्याआधी दोन आठवड्यांची स्वेच्छेची खिडकी ठेवीन, आणि खिडकीत आकडा भरला नाही तर उरलेली पदे अमुक तारखेला रद्द होतील हे खिडकी उघडतानाच सांगेन. काम परत येण्याची ठोस आशा असेल, म्हणजे ग्राहकाचे पत्र हातात असेल, तर सहा महिन्यांची पगारकापणी. राजीनामे मागून घेण्याची वाट कोणत्याही परिस्थितीत नाही. आकडा ठरवताना तो थोडा जास्तच धरावा, असे म्हणणे कठोर वाटेल, पण दुसरी फेरी टाळण्याची ती किंमत आहे. आणि वर्षभरात दुसरी फेरी होणार नाही असे लिहून देता येत नसेल, तर निदान पुढचा आढावा कोणत्या महिन्यात आणि कोणत्या आकड्यावर होईल ते लिहावे.

तुमची काही माणसे ऑनसाइट, म्हणजे अमेरिकेत ग्राहकाकडे, असतील तर त्यांचा विचार वेगळा करा. एच-१बी व्हिसावरील माणसाला नोकरी संपल्यावर दुसरा मालक शोधायला ६० दिवस मिळतात. न्यू जर्सीत घर भाड्याने घेतलेल्या आणि मूल शाळेत असलेल्या कुटुंबासाठी शेवटची तारीख दोन महिने पुढे सरकवणे हे तुमच्या रकमेपेक्षा मोलाचे असते आणि तुम्हाला तुलनेने स्वस्त पडते.

आणि दिवस. शुक्रवारची संध्याकाळ घेऊ नका. माणूस दोन दिवस घरी बसून कोणालाही फोन करू शकत नाही आणि सोमवारी उरलेल्यांना सामोरे जायला व्यवस्थापकांना तोंड नसते. मंगळवार सकाळ घ्या. प्रत्येकाला त्याच्या थेट वरिष्ठाने सांगावे, मनुष्यबळ विभागाने शेजारी बसावे. रिलीव्हिंग लेटर, अनुभवाचे दाखले आणि हिशेबाचा कागद त्याच वेळी पाकिटात असावा, ‘नंतर मेलवर येईल’ असे नसावे. आणि दुपारी उरलेल्या सर्वांना एकत्र बोलावून मुख्याधिकाऱ्याने किती जण गेले, का गेले आणि कोणत्या निकषावर गेले हे स्वतः सांगावे, मग जितके प्रश्न येतील तितका वेळ तेथेच बसून राहावे.